'ने झा २': पहिल्या दिवशी खेळ कमी, शेवटी गल्ला विक्रमी

२९ जानेवारी २०२५, चिनी नववर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी चीनभर सहा मोठे चित्रपट एकदम लागले. आगाऊ विक्रीत जोर होता तो 'डिटेक्टिव्ह चायनाटाउन १९००' या हमखास चालणाऱ्या विनोदी रहस्यमालिकेचा आणि शिआओ झान या लोकप्रिय नटाच्या 'लेजंड ऑफ द काँडर हीरोज'चा. 'ने झा २' या अ‍ॅनिमेशनपटाच्या वाट्याला 'डिटेक्टिव्ह'पेक्षा कमी खेळ आले होते. ३० जूनला तो पडद्यावरून उतरला तेव्हा चीनमधला त्याचा गल्ला सुमारे १,५४४ कोटी युआन झाला होता आणि जगभरचा १,५९० कोटींच्या आसपास. युआनला बारा रुपये धरले तर नुसत्या चीनमधले साडेअठरा हजार कोटी रुपये होतात. डॉलरमध्ये दोनशे कोटींची वेस ओलांडलेला हा पहिलाच अ‍ॅनिमेशनपट.

आपल्याकडच्या वाचकाला माप हवे असेल तर 'दंगल' घ्यावा. २०१७ मध्ये 'दंगल'ने चीनमध्ये सुमारे १३० कोटी युआन मिळवले आणि भारतीय चित्रपटाचा तिथला तो विक्रम ठरला. 'ने झा २'ने तेवढे तिसऱ्या दिवशीच मिळवले.

या यशाची तीन उत्तरे लगेच दिली जातात: पुराणकथा होती म्हणून चालला, देशाभिमानाने चालला, पहिल्या भागाच्या पुण्याईवर चालला. तिन्हींत तथ्य आहे, पण एकट्याने कोणतेच पुरत नाही. आमच्या मते हा विक्रम सलामीत झालेला नाही. तो तिसऱ्या दिवसापासून पुढच्या दोन महिन्यांत घडला आणि त्यात चित्रपटाच्या गुणांइतकाच चिनी चित्रपटगृहांच्या कामाच्या पद्धतीचा हात होता. म्हणून आधी चित्रपटगृहांकडे पाहू, मग चित्रपटाकडे.

एकाच पोथीतले दोन चित्रपट

पुराणकथा चालते म्हणून हा चालला, हे म्हणणे तपासायला त्याच आठवड्याने आयता दाखला दिला. 'फंगशन यान्यी' ही मिंग काळातली सोळाव्या शतकातली देवदानवांची कादंबरी. ने झा हा बालवीर तिच्यातलाच. त्याच कादंबरीवरचा 'क्रिएशन ऑफ द गॉड्स'चा दुसरा भाग त्याच दिवशी लागला होता. प्रत्यक्ष कलाकार, प्रचंड सेट, आणि २०२३ च्या पहिल्या भागाची सुमारे २६३ कोटी युआनची कमाई पाठीशी. म्हणजे कथेचे मूळ एक, सण एक, प्रदर्शनाचा दिवस एक, आणि दोन्ही दुसरे भाग. यातला एक दीड हजार कोटींच्या पुढे गेला. दुसरा १२० कोटींच्या थोडा वर जाऊन थांबला, म्हणजे स्वतःच्या पहिल्या भागाच्या निम्म्यावरही पोचला नाही.

प्रेक्षकांची तक्रार धर्माची किंवा कथेची नव्हती, कारागिरीची होती. निळ्या रंगाचा, अनेक हातांचा राजपुत्र यिन जियाओ पाहून लोकांना हसू आले. शेवटच्या लढाईतले दृश्यपरिणाम तकलादू वाटले आणि प्रेमकथेने वेग मारला. डोउबान या परीक्षण-संकेतस्थळावर त्याचे गुण ६ च्या आसपास राहिले, 'ने झा २'चे ८.५ च्या आसपास. चिनी प्रेक्षक तिकीट काढण्याआधी हा आकडा पाहतो. आपल्याकडे अजून ही सवय इतकी पक्की झालेली नाही.

सात दिवसांचा आलेख

'ने झा २'चा रोजचा गल्ला कोटी युआनमध्ये असा: पहिल्या दिवशी ४८.८, दुसऱ्या दिवशी ४८, मग ६२, ७३, ८१, ८४ आणि सातव्या दिवशी ८६ च्या वर. सुट्टी संपेपर्यंत बेरीज ४८४ कोटी. आता नेहमीचा आलेख आठवा. सणाला लागलेल्या चित्रपटाचा पहिला दिवस सर्वांत मोठा असतो आणि तिथून उतरण सुरू होते, कारण आगाऊ तिकिटे काढणारे चाहते पहिल्याच दिवशी येऊन जातात. 'काँडर हीरोज'चे नेमके तसेच झाले. इथे मात्र आलेख चढता राहिला, तोही सुट्टी संपत आली तरी.

हे कसे घडते ते समजायला चिनी चित्रपटगृहाचा व्यवस्थापक काय करतो ते पाहावे लागते. चीनमध्ये ९० हजारांहून अधिक पडदे आहेत आणि बहुतेक सगळे संगणकीय तिकीट-व्यवस्थेने जोडलेले आहेत. माओयानसारख्या तिकीट-कंपन्यांच्या व्यावसायिक अ‍ॅपवर देशभरातली विक्री जवळजवळ त्या क्षणी दिसते, आणि ती वितरकालाच नव्हे तर कुणालाही दिसते. व्यवस्थापक तीन आकडे पाहतो: माझ्या एकूण खेळांपैकी या चित्रपटाला किती वाटा दिला आहे, खुर्च्या किती टक्के भरल्या, आणि एका खेळाला सरासरी किती माणसे आली. खेळांच्या वाट्यापेक्षा गल्ल्याचा वाटा मोठा दिसू लागला की दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक बदलते. वितरकाशी आठवडाभराचे खेळ बांधून घेतलेले असले की असे करता येत नाही. चीनमध्ये ते रोज रात्री करता येते.

सहा पडद्यांच्या एखाद्या तालुक्याच्या गावातल्या चित्रपटगृहाचा हिशेब करून पाहा. 'ने झा २' १४४ मिनिटांचा. जाहिराती, सफाई आणि माणसांची ये-जा यांची सोळा मिनिटे धरली तर एका खेळाला १६० मिनिटे लागतात. सकाळी दहा ते मध्यरात्र या ८४० मिनिटांत एका पडद्यावर पाचच खेळ बसतात. ११० मिनिटांचा चित्रपट असता तर सहा बसले असते. म्हणजे लांबीमुळे हा चित्रपट लावणाऱ्याचा दर पडद्यामागे रोज एक खेळ बुडत होता. ती भरपाई फक्त भरलेल्या खुर्च्यांनी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी दहाचा खेळही भरू लागला तेव्हा व्यवस्थापकांनी रिकाम्या जाणाऱ्या चित्रपटांचे खेळ काढून इकडे वळवले. पुढे कित्येक दिवस देशातल्या निम्म्याहून अधिक खेळांवर हाच चित्रपट होता. सुरुवातीला कमी मिळालेले खेळ त्याच्या पथ्यावरच पडले असे म्हणायला जागा आहे: तिकीट मिळत नाही ही बातमी स्वतःच जाहिरात होते.

खुर्च्या भरणारे कोण? वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, बीजिंग, शांघाय, शेन्झेनसारख्या शहरांतली माणसे आपापल्या गावी परततात. २०२५ पासून नववर्षाची पूर्वसंध्याही सरकारी सुट्टीत धरली गेली, त्यामुळे सुट्टी आठ दिवसांची झाली. आजी-आजोबा, आईवडील, मुले असे आठ-दहा जणांचे घर एकत्र जमते आणि दोन-तीन दिवस जेवणावळी झाल्या की सगळ्यांना चालेल असे काहीतरी हवे असते. गुप्तहेरपट आजीला नको, पाणबुडीचे युद्ध लहानग्याला नको. चाहते आगाऊ तिकीट काढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातली शहाणी माणसे 'बघून आलेल्यांना विचारा' म्हणतात. तेव्हा उत्तर एकच येत होते.

त्या आठ दिवसांत देशात ९५१ कोटी युआनची तिकिटे विकली गेली, प्रेक्षकसंख्या १८.७ कोटी. भागाकार केला की सरासरी तिकीट ५०.८ युआनचे, म्हणजे सहाशे रुपयांच्या घरात. त्यातला निम्म्याहून अधिक गल्ला एकट्या 'ने झा २'चा.

आकड्यांची यादी हीच जाहिरात

६ फेब्रुवारीला, प्रदर्शनाच्या नवव्या दिवशी, त्याने 'द बॅटल ॲट लेक चांगजिन'चा ५७७.५ कोटी युआनचा देशी विक्रम मोडला. पाठोपाठ 'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स'चा अमेरिकेतला ९३.६ कोटी डॉलरचा, एकाच देशातल्या कमाईचा विक्रम गेला. १३ फेब्रुवारीला हजार कोटी युआन झाले आणि १८ फेब्रुवारीला 'इनसाइड आउट २'ला मागे टाकून तो जगातला सर्वाधिक कमाईचा अ‍ॅनिमेशनपट झाला.

देशाभिमानाचे उत्तर इथे लागू पडते, पण क्रम लक्षात घ्यावा. रोजच्या गल्ल्याचे ४८ कोटींचे ८६ कोटी करायला देशाभिमान आलेला नाही; ८६ कोटी झाल्यावर आला. जागतिक यादीत आपला चित्रपट दिसू लागला आणि तिकीट काढणे म्हणजे त्या यादीला हातभार लावणे असे अनेकांना वाटू लागले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहणारे निघाले. काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण खेळ राखून घेतले. माओयानचा एकूण कमाईचा अंदाज दर काही दिवसांनी वर सरकत होता आणि त्या अंदाजाचीही बातमी होत होती.

यात नशिबाचा भागही मोठा आहे. चीनचा २०२४ चा वार्षिक गल्ला सुमारे ४,२५० कोटी युआन होता. आदल्या वर्षापेक्षा तब्बल २३ टक्क्यांनी कमी. लोक चित्रपटगृहापासून लांब गेले होते आणि पाहण्याजोगे काही मिळाले तर परतायला तयार होते. त्यात सण संपल्यावर समोर कुणी उभेच नव्हते. १४ फेब्रुवारीला आलेला मार्व्हलचा नवा 'कॅप्टन अमेरिका' चीनमध्ये फिका पडला आणि मार्चभर देशी वितरकांनी मोठे काही लावले नाही. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत देशाचा जो गल्ला झाला त्यातले साठ टक्क्यांहून अधिक या एका चित्रपटाचे होते. चित्रपटगृहमालकांना हे वाटते तितके सुखाचे नाही. एकच चित्रपट चालू असताना धंदा उत्तम, तो ओसरला की एप्रिलमध्ये पडदे ओस.

पडद्यावर तो पाच महिने टिकला याला एक तांत्रिक बाजू आहे. डिजिटल चित्रपटाची फाइल कुलूपबंद येते. ती उघडणारी किल्ली प्रत्येक चित्रपटगृहाच्या सर्व्हरसाठी वेगळी असते आणि तिच्यात तारखेची मुदत घातलेली असते. चीनमध्ये ही मुदत साधारण महिन्याभराची. ती संपली की फाइल असूनही खेळ लावता येत नाही. 'ने झा २'ची किल्ली आधी मार्चअखेर, मग एप्रिलअखेर, मेअखेर आणि शेवटी ३० जूनपर्यंत वाढवली गेली. शेवटच्या दोन वाढींनी गल्ल्यात फार भर पडली नाही. पण ऑनलाइन येण्याआधी तो फक्त चित्रपटगृहातच दिसण्याचा काळ लांबवण्याचा हेतू साधला. अखेरची देशांतर्गत प्रेक्षकसंख्या ३२ कोटींच्या पुढे गेली.

पडद्यावर काय होते

दिग्दर्शक यांग यू, टोपणनाव जियाओझी. सिचुआनच्या लुझोउचे. औषधनिर्माणशास्त्र शिकलेले, 'माया' हे सॉफ्टवेअर आपले आपण शिकले आणि आईच्या निवृत्तिवेतनावर घर चालवत साडेतीन वर्षे खपून एक लघुपट केला. त्यानंतर २०१९ चा 'ने झा'. त्याने ५०३.५ कोटी युआन मिळवले. पुण्याईचे उत्तर इथून येते, पण तीनपट कमाई पुण्याईवर होत नाही.

२०१९ मध्ये त्यांनी कथेत जो बदल केला तो निर्णायक आहे. मूळ कथेत बाप ली जिंग आणि मुलगा ने झा यांचे हाडवैर. ड्रॅगनराजाशी झालेल्या भांडणाचे प्रायश्चित्त म्हणून ने झा आपले मांस आणि हाडे आईबापांना परत करून मरतो, गुरू त्याला कमळाचे शरीर देतो, आणि मग तो बापाच्याच मागे शस्त्र घेऊन लागतो. शांघाय अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या १९७९ च्या चित्रपटातला, स्वतःचा गळा चिरणारा ने झा एका पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. ही कथा सणाला आजी-नातवंडांनी एकत्र पाहायची नाही. जियाओझींनी बापाला मुलासाठी जीव द्यायला तयार होणारा केले आणि आईला रणात लढणारी. मुलगा दैत्याच्या बीजातून जन्मलेला. गाव त्याला वाळीत टाकते. आईबाप टाकत नाहीत. दुसऱ्या भागात आई यिन वितळवणाऱ्या हंड्यात मुलाला कवटाळून मरते. तिथे चित्रपटगृहांत जे रडू फुटत होते त्याने किती तिकिटे विकली याचा आकडा कुठे नोंदवलेला नाही. पण चढत्या आलेखाचे एक कारण आम्ही त्यात पाहतो.

दुसरा बदल खलनायकाचा. जुन्या कथेत ड्रॅगन दुष्ट, स्वर्ग सज्जन. इथे सज्जनांचा मठच आतून सडलेला निघतो आणि ड्रॅगन, राक्षस, मारमॉटसारखे (बिळात राहणारे, खारीच्या कुळातले) क्षुद्र जीव भरडले जातात. शेन गोंगबाओ हे तोतरे, बिबट्याच्या कुळातले पात्र जन्मभर राबून अमरत्वाच्या उमेदवारीपर्यंत पोचते आणि कुळामुळे तिथेच अडते. गावातून परीक्षा देत वर आलेल्या चिनी तरुणांनी त्याला नायकाइतकेच डोक्यावर घेतले. पुण्यातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांना हे पात्र समजावून सांगावे लागणार नाही.

आपला या कथेशी जुना धागा आहे. ने झा हा मुळात नलकूबर, कुबेराचा मुलगा. भागवतात उखळाला बांधलेल्या कृष्णाने यमलार्जुन वृक्षांतून सोडवला तोच. कुबेर म्हणजे वैश्रवण बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे तांग काळातल्या ली जिंग या सेनापतीशी एकरूप झाला आणि मुलगाही चिनी झाला. एवढ्यावरून 'कथा आमचीच' म्हणत टेंभा मिरवण्यात अर्थ नाही. हजार वर्षांत तिथल्या लोकांनी तिचे जे केले त्याचे हे पैसे आहेत.

हसवण्याची बाजूही तितकीच पक्की आहे. सुरुवातीलाच गुरू ताई यी शिष्यांची गेलेली शरीरे परत बनवायला बसतात तेव्हा साधन असते कमळकंदाचे पीठ. लठ्ठ, दारूडे गुरुजी पिठाचा गोळा मळून हातपाय वळतात, आणि बोलतात अस्सल सिचुआनी बोलीत. प्रमाण चिनीत ऋषी बोलला असता तर तो विनोद जागीच मेला असता. सीमा राखणारे दोन पहारेकरी प्राणी सिचुआनमधल्या सानशिंगदुई आणि जिनशा इथे सापडलेल्या कांस्य आणि सोन्याच्या मुखवट्यांवरून बेतलेले आहेत. हंड्याच्या दृश्यामागे दोंग जमातीचे समूहगान आहे. ही स्थानिक माती प्रेक्षकाला शोधावी लागत नाही, ती त्याला आपोआप ओळखू येते.

१३८ कंपन्या आणि साखळदंड

पहिला भाग सुमारे १,६०० माणसांनी केला. दुसऱ्यात चार हजारांहून अधिक माणसे आणि १३८ कंपन्या. शॉट २,४०० च्या वर, त्यातले १,९०० हून अधिक विशेष दृश्यपरिणामांचे. खर्च ६० कोटी युआनच्या घरात सांगितला जातो, काळ पाच वर्षांचा. मुख्य संस्था छेंगदूची कोको कार्टून; पैसा आणि वितरण बीजिंगच्या एनलाइट मीडियाचे.

१३८ हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, खरे तर तो अडचणीचा आहे. पिक्सारसारखी एका छताखाली हजार माणसे असलेली संस्था चीनमध्ये नाही. त्यामुळे ज्याला जे उत्तम जमते ते त्याला द्यावे लागते: पाणी एकाला, कापड आणि केस दुसऱ्याला, गर्दी तिसऱ्याला. असे काम वाटले की बिघाड ठरलेल्या जागी होतात. पात्राचा सांगाडा एका कंपनीत सुधारला जातो आणि दुसरीकडे जुन्याच आवृत्तीवर हालचाल बसवली जाते. एकाच प्रसंगातले लागोपाठचे दोन शॉट दोन ठिकाणी उजळले की कातडीचा रंग बदलतो. परिणाम करणाऱ्याला हालचाल अंतिम होईपर्यंत थांबावे लागते, आणि दिग्दर्शकाने हालचाल बदलली की पाणी, धूर, केस सगळे पुन्हा करावे लागते. यावर इलाज एकच: प्रत्येक शॉट मंजूर करणारा डोळा एकच ठेवायचा. तो डोळा जियाओझींचा होता आणि तोच अरुंद नळही होता. पाच वर्षे लागली ती त्यामुळे. पहिल्या भागाच्या वेळचा एक किस्सा चिनी अ‍ॅनिमेशनवाले अजून सांगतात: एक कलाकार एका जीवघेण्या शॉटला कंटाळून नोकरी सोडून गेला, आणि नव्या कंपनीत पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे तोच शॉट आला.

काही कळीचे शॉट आधी परदेशी नामांकित संस्थांना दिले होते आणि ते मनासारखे न आल्याने काम देशात परत आणावे लागले, असे जियाओझींनी मुलाखतींत सांगितले आहे. मोठ्या नावाची संस्थाही दुरून आलेल्या, तुटक कामावर आपली दुय्यम फळीच लावते, हे या धंद्यातल्या कुणालाही नवीन नाही.

सर्वांत अवघड प्रसंग समुद्री राक्षसांच्या सैन्याचा. निर्मात्यांच्या सांगण्यानुसार त्या लढाईतल्या आकृती २० कोटींच्या घरात जातात. इतक्या आकृती कुणी हाताने हलवत नाही. जवळचे काही डझन हाताने, मधले आधी बनवलेल्या हालचालींच्या तुकड्यांवरून आणि दूरचे निव्वळ ठिपक्यांवर बसवलेल्या प्रती, अशी उतरंड असते. अडचण अशी की प्रत्येक राक्षसाच्या अंगावर साखळदंड आहेत. कडी कडीवर आपटते, चिलखतात घुसते, शेजाऱ्याच्या पायात अडकते; संगणकाला प्रत्येक टक्कर मोजावी लागते आणि एक चुकली की अख्खी साखळी थरथरत हवेत उडते. साखळ्या काढून टाका, असे कुठल्याही निर्मात्याने म्हटले असते. पण बंदिवान राक्षस ही कथेची गरज होती, म्हणून त्या राहिल्या. ज्यांनी तो प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहिला त्यांना पन्नास युआन कशाचे दिले ते कळले. मोबाइलवर येईपर्यंत थांबू, असे म्हणणारेही मग उठून गेले.

शंभर युआन कुणाकुणाचे

चिनी आकडे वाचताना एक खबरदारी: २०१७ पासून अधिकृत गल्ल्यात ऑनलाइन तिकिटावरचे सेवाशुल्कही धरले जाते. ते तिकिटामागे काही युआन असते आणि निर्मात्याला त्यातले काही मिळत नाही. ते वगळून उरलेल्या १०० युआनमधून ५ चित्रपट विकास निधीला आणि ३.३ करात जातात. उरलेल्या ९१.७ चे साधारण ५७ टक्के चित्रपटगृह आणि साखळी-कंपनीचे, म्हणजे ५२ युआन. निर्माता-वितरक बाजूला ३९ च्या आसपास, आणि त्यातूनही वितरणाचे कमिशन जाते.

हे लावले तर ६० कोटींचा खर्च वसूल व्हायला दीडशे कोटींच्या थोडा वर गल्ला हवा. प्रसिद्धी धरली तरी तो टप्पा चौथ्या दिवशी पार झाला. पूर्ण गल्ल्यावर निर्माता-वितरक बाजूला साडेपाचशे कोटींच्या आसपास गेले असावेत, हे आमचे ढोबळ गणित. एनलाइटने जाहीर केलेल्या ताळेबंदात २०२५ च्या पहिल्या तिमाहीचे उत्पन्न २९७.५ कोटी युआन आणि निव्वळ नफा २०१.६ कोटी आहे. शेअर फेब्रुवारीत दिवसाला २० टक्के या कमाल मर्यादेने चढत काही दिवसांत तिपटीच्या पुढे गेला. सहामाहीचे उत्पन्न मात्र ३२४ कोटींवर थांबले, म्हणजे दुसऱ्या तिमाहीत भर जेमतेम २७ कोटींची. एका चित्रपटावर उभ्या असलेल्या कंपनीचे पुस्तक असेच दिसते.

खेळणी आणि वस्तूंच्या बाबतीत २०१९ मध्ये हात रिकामे होते आणि नकली मालाने बाजार खाल्ला. या वेळी पॉप मार्टबरोबर ६९ युआनच्या, आत कोणती बाहुली आहे ते न सांगणाऱ्या डब्या तयार होत्या. त्या लगेच संपल्या. चीनमधले कारखाने याच सणाला बंद असतात, कामगार गावी गेलेले असतात, त्यामुळे संपलेला माल पुन्हा बनायला फेब्रुवारीचा उत्तरार्ध उजाडतो. मागणी शिखरावर असताना दुकानात माल नाही, आगाऊ नोंदणीला पोच कित्येक महिने पुढची, आणि दलालांकडे तीच डबी चढ्या भावात. नववर्षाला चित्रपट लावणाऱ्याने खेळण्यांचा दुसरा हप्ता डिसेंबरमध्येच भरून ठेवायला हवा. पण तेव्हा चित्रपट चालणार की नाही हे माहीत नसते आणि न खपलेल्या बाहुल्यांचे गोदामभाडे कुणी द्यायचे, हा वाद तेव्हाही मिटलेला नसतो.

सीमेबाहेर

जगभरच्या गल्ल्यातले शंभरातले सत्याण्णव युआन चीनमधलेच आहेत. १३-१४ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेत तो चिनी भाषेत, इंग्रजी उपशीर्षकांसह लागला. उत्तर अमेरिकेत दोन कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. चिनी चित्रपटासाठी ते उत्तमच, पण प्रेक्षक बहुतांशी तिथे राहणारे चिनी. बाकीच्यांसाठी अडचण उपशीर्षकांची तर होतीच, शिवाय हा दुसरा भाग होता. पहिला न पाहिलेल्याला कोणाचे शरीर गेले, मोती कसला, गुरू का भांडतात हे कळायला अर्धा तास जातो. सिचुआनी बोलीतले विनोद अनुवादात पुसले जातात.

मग ए२४ या कंपनीने इंग्रजी आवाज चढवून, आईच्या भूमिकेला मिशेल योह यांचा आवाज देऊन, २२ ऑगस्टला तो अमेरिकेत २,२०० हून अधिक चित्रपटगृहांत लावला. पहिल्या शनिवार-रविवारची कमाई साधारण १५ लाख डॉलर, म्हणजे दर चित्रपटगृहामागे सातशे डॉलरही नाहीत. सहा महिने उशीर झाला होता, ज्यांना पाहायचा होता त्यांनी फेब्रुवारीतच पाहिला होता, आणि चीनमध्ये तो तोवर ऑनलाइन आलाही होता. त्याच शनिवार-रविवारी नेटफ्लिक्सने 'केपॉप डेमन हंटर्स'चे, प्रेक्षकांनी सोबत गाण्याचे खेळ दोन दिवसांपुरते लावले. नेटफ्लिक्सवर घरबसल्या दिसणाऱ्या त्या चित्रपटाने अमेरिकी तिकीटबारीवर पहिला क्रमांक घेतला.